थोरली, धाकटी आणि तिसरी ओळ

माझी धाकटी जाऊ स्वयंपाक वाईट करते, कुठेही वेळेवर पोचत नाही आणि समोरच्याचं बोलणं कधी पुरं ऐकून घेत नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिचं कौतुक केलं तर घरचं माणूस म्हणून केलं, असं कुणी म्हणायला नको.

सगळी गल्ली तिला चिमटा म्हणते. तिच्या अंबाड्यात कायम एक बारीक स्टीलचा चिमटा खोचलेला असतो म्हणून. लग्नकार्यातसुद्धा. मी एकदा म्हटलं, आज तरी काढ. तर म्हणाली, "वहिनी, तुम्ही चष्मा काढून ठेवता का कधी?"

लग्न होऊन आली तेव्हा ती एका विमा कंपनीत टायपिस्ट होती. टाइपरायटर बिघडला की मेकॅनिक तीन दिवसांनी उगवायचा, आणि बाकीच्या बायका ते तीन दिवस मजेत विणकाम करायच्या. हिला ते जमेना. एका सकाळी तिने यंत्र उलटं केलं, उघडलं, आणि दुपारपर्यंत अडकलेला दांडा सुटा करून जागेवर बसवला. साहेबांनी तिला आधी झापलं आणि मग बाकीचे चार टाइपरायटर तिच्याकडे पाठवले. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, टायपिस्टांना पैसे देऊन घरी बसवलं. ही घरी आली ती ऑफिसच्या बोळात पडलेला एक मेलेला कॉम्प्युटर हातगाडीवर घालूनच. तो जेवणाच्या टेबलावर उघडला. अकरा दिवस आम्ही सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवलो. बाराव्या दिवशी त्याचा पडदा उजळला. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती.

मग आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने दुकान थाटलं. सुटे भाग आणायचे, जोडायचे, कॉम्प्युटर तयार करून विकायचा. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत लांब टेबल, आणि टेबलाशी जोडणीच्या कामाला दोन बायका. दोघींनाही तिनेच शिकवलं. मी वरच्या मजल्यावर राहते. निवृत्त माणसाला खाली एवढं घडत असताना वर बसून राहणं कसं जमावं? मी रोज साडेनऊला खाली उतरायचे.

आता थोडं धंद्याचं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटरचा सगळा जीव एका चिपमध्ये असतो. फरशीच्या लहान चौकोनी तुकड्यासारखी दिसते, नाण्याएवढी जाड. परदेशातून येते, म्हणून बाजारात भाव डॉलरांत बोलतात. या चिपा करणारी एक मोठी कंपनी आहे. बाजारातल्या दहांपैकी नऊ कॉम्प्युटरांत तिचीच चिप. चिमटाने दुकान काढलं तेव्हा तिच्याशी टक्कर घेणाऱ्या लहान कंपन्या चार होत्या. तीन एकामागून एक मिटल्या. एकच उरली. चिमटा मोठीला म्हणते थोरली आणि उरलेलीला धाकटी. हे ती माझ्या तोंडावर म्हणते. "थोरलीचा तोरा फार असतो वहिनी, पण कामाला चोख." आणि मग माझ्याकडे बघून चिमट्याने स्क्रू उचलते.

चिप ज्या मुख्य पट्टीवर बसते तो मदरबोर्ड; थोरलीची चिप धाकटीच्या मदरबोर्डात बसत नाही आणि धाकटीची थोरलीच्या बोर्डात बसत नाही. ज्यात चिप बसते त्या खाचेचा आकारच वेगळा. म्हणजे एकदा बोर्ड घेतलात की कुठल्या जावेशी संसार करायचा ते ठरलं. हे लक्षात ठेवा.

तर त्या वर्षी नर्सिंगच्या एका विद्यालयाने चाळीस कॉम्प्युटरांसाठी कोटेशनं मागवली. चिप कुठलीही चालेल, वेग अमुक इतका हवा, एवढीच अट. चिमटाने तोवर एका वेळी सहाच्या वर मशिनं कधी विकली नव्हती. चाळीस म्हटल्यावर ती खुर्चीत बसेचना, उभ्यानेच चहा प्यायली. आणि त्या भरात सोमवारी तिने धाकटीच्या चिपेला लागणारे चाळीस बोर्ड उचलून आणले. कोण्या एका व्यापाऱ्याने दुकान गुंडाळलं होतं, तो निम्म्या भावात देत होता. परत घेणार नाही, या बोलीवर.

"ऑर्डर मिळायच्या आधी?" मी विचारलं.

"मिळाल्यावर हे बोर्ड राहतील का? थोरलीची चिप शंभराची, धाकटीची ऐंशीची. त्यात बोर्ड निम्म्यात. माझ्यापेक्षा स्वस्त कोटेशन कोण देतंय ते बघतेच."

दोनच दिवसांनी, बुधवारी, थोरलीने रेट पाडला. शंभराची चिप अडुसष्टला.

मी खाली गेले तेव्हा ती लोखंडी कपाटाच्या उघड्या दाराकडे पाहत उभी होती. या दाराच्या आतल्या बाजूला ती गेली तीन वर्षं रेट लिहीत आली होती. रोज सकाळी दहाला होलसेलच्या काउंटरवर फोन लावायचा, थोरलीचा रेट विचारायचा, मग "धाकटीची तिसरी ओळ?" एवढंच विचारायचं, कारण रेट लिस्टमध्ये तिसऱ्या ओळीत तिची नेहमीची चिप असायची. पलीकडचा माणूस आकडा सांगायचा, हिने तो पेन्सिलीने दारावर टिपायचा, फोन ठेवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. दार वरपासून खालपर्यंत भरलं होतं.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "आता सगळे थोरलीची चिप घालून माझ्याखाली जातील. आणि माझ्याकडे चाळीस बोर्ड, ज्यांत ती बसत नाही."

"धाकटीही पाडेल की."

"पाडेलच. नेहमी पाडते. थोरलीने भांडं आपटलं की ही आठ-दहा दिवसांनी आपटते. पण कोटेशन परवा द्यायचंय वहिनी, दहा दिवसांनी नाही."

मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आणि त्यातल्या एकाही वर्षी माझ्या विषयाचा कुणाला तातडीने उपयोग झाला नव्हता. मी वर जाऊन आलेखाचा कागद आणला, कपाटासमोर स्टूल टाकलं आणि दारावरचे आकडे उतरवून घ्यायला लागले. दोन तास लागले. तीन वर्षांत थोरलीने चौदा वेळा रेट पाडला होता. चौदाही वेळा धाकटी तिच्या मागोमाग खाली आली होती. लवकरात लवकर सहाव्या दिवशी, उशिरात उशिरा तेराव्या. आणि दर वेळी येऊन थांबायची ती थोरलीच्या खाली ठरावीक अंतरावर. शंभराला वीस कमी. आजवर त्याहून फार इकडेतिकडे नाही.

"चौपन्न-पंचावन्न," मी म्हटलं. "आजपासून तेरा दिवसांच्या आत."

तिने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. "हे नक्की?"

"नक्की काही नसतं. चौदापैकी चौदा वेळा झालंय, एवढंच सांगते."

"भाऊजींना विचारूया का?" मीच पुढे गमतीने म्हटलं, कारण माझे दीर म्हणजे हिचा नवरा एका छापखान्यात प्रुफं तपासतात आणि धंद्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. जे समोर येईल ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, हा त्यांचा एकमेव छंद. औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठी, तिकिटाची मागची बाजू, साबणाचं वेष्टन.

"त्यांना विचारलं तर ते तुमच्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतील," ती म्हणाली. आणि शुक्रवारी तिने चिपेचा भाव पंचावन्न धरून कोटेशन दिलं. त्या दिवशी बाजारात तीच चिप ऐंशीला मिळत होती.

ऑर्डर तिला मिळाली, अगदी थोडक्या फरकाने. रेट पडल्यापासून विसाव्या दिवशी माल पोचवायचा. बाकीची जोडणी आधी उरकली तरी चिपा बसवून मशिनं तपासायला दोन दिवस, म्हणजे अठराव्या दिवसापर्यंत चिपा हातात हव्यात. मी बुधवारपासून दिवस मोजत होते.

सहावा दिवस, फोन. "तिसरी ओळ?" "ऐंशी." आठवा, ऐंशी. दहावा, ऐंशी. दोघी जोडणीवाल्यांनी तोवर चाळीस डबे जोडून ठेवले होते, बोर्ड, पंखे, तारा सगळं जागच्या जागी, फक्त मधली चौकोनी खाच रिकामी. मागच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. सकाळचे दहा वाजले की दोघी हात थांबवून काउंटरकडे कान लावायच्या. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, इतकी धडधड मला माझ्या स्वतःच्या निकालांच्या वेळी झाली नव्हती. मजाही येत होती.

बाराव्या दिवशी ऐंशी. तेराव्या दिवशी ऐंशी. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

चौदाव्या दिवशी थोरलीच्या वितरकाचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात पातळ फाइल, बोलणं मधाळ. याला चिमटा टायवाला म्हणायची, आणि तोंडावर "या साहेब".

"मॅडम, तुमचे चाळीस बोर्ड मी उचलतो. त्याबदली आमचे बोर्ड देतो. चिपा रेट लिस्टच्याही खाली देतो, पन्नासला. तुमची ऑर्डर वेळेवर जाईल."

"आणि?"

"आणि एक सही. पाच वर्षं दुकानात फक्त आमचा माल. जोडत बसायची कटकटही नाही, तयार सीलबंद मशिनं येतील. तुम्ही नुसतं विकायचं."

"शनिवारपर्यंत विचार करते," ती म्हणाली.

तो गेल्यावर मागच्या खोलीत कुणी स्क्रूसुद्धा फिरवेना. सीलबंद मशिनं आली तर टेबल कशाला आणि त्या दोघी कशाला, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मोठी जोडणीवाली हळूच म्हणाली, "ताई, खोकी उचलायलाही माणूस लागतंच की." चिमटाने अंबाड्यातला चिमटा काढला, पुसला, परत खोचला. सही केली नाही तर ऐंशीच्या चाळीस चिपा घेऊन पंचावन्नच्या भावात द्यायच्या, आणि मग दुकान बसलं. सही केली तर दुकान राहणार, पण ते तिचं दुकान नसणार. दोन्हीकडून एकच.

शुक्रवारी सकाळी, सोळाव्या दिवशी, ती मला म्हणाली, "तुमचा आलेख चांगला होता वहिनी. माझंच नशीब पंधरावं निघालं. उद्या सही करते."

मी आलेखाच्या कागदाची घडी घातली.

भाऊजी समोर चहा पीत होते. होलसेलकडून दर सोमवारी एक छापील रेट लिस्ट यायची. ती आम्ही दोघी उघडूनही पाहत नसू, कारण रेट रोज फोनवरच कळायचे. कपाखाली घ्यायला ती बरी पडायची. भाऊजींनी कप उचलला, ओला गोल पुसला आणि सवयीने वाचायला लागले. मथळ्यापासून.

"यात चूक आहे," ते म्हणाले.

"असेल," चिमटा म्हणाली.

"चौथ्या ओळीतल्या मालाचं नाव मागच्या वेळी तिसऱ्या ओळीत होतं. तिसरीत आता कुठलंतरी नवीनच नाव घुसलंय. एकतर छापखान्यातल्या जुळाऱ्याने ओळ सरकवली, नाहीतर—"

तिने कागद त्यांच्या हातातून ओढलाच. मीही उठले. धाकटीने नवी, जास्त वेगाची चिप बाजारात आणली होती आणि तिला तिसऱ्या ओळीत बसवलं होतं. भाव ऐंशी. आमची नेहमीची चिप एक पायरी खाली, चौथ्या ओळीत. भाव चौपन्न.

तारीख सोमवारची. बारावा दिवस.

बाराव्या दिवशीच भाव पडला होता, आणि आम्ही दोघी शिकलेल्या बायका चार दिवस रोज सकाळी तिसऱ्या ओळीचा भाव विचारून उसासे टाकत होतो. मी तर आकड्यांवर तीस वर्षं पगार घेतलेली. आकडा कशाचा आहे ते आधी बघा, असं पहिल्या तासाला पोरांना बजावणारी.

तिने फोन उचलला. "अहो, चौथी ओळ चौपन्न आहे हे मला का नाही सांगितलं?"

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही तिसरी विचारलीत, मी तिसरी सांगितली."

"किती शिल्लक आहेत?"

"सोमवारपासून उचलताहेत सगळे. सत्तावीस आहेत."

"चाळीस पाहिजेत."

"सत्तावीस. आणि तेरा आहेत, पण त्या कामाच्या नाहीत. हमालाच्या हातून खोकं पडलं. पिना वाकल्यात."

चिमटा हसली. सोळा दिवसांत पहिल्यांदा. "चाळीसही बांधून ठेवा. आत्ता येते."

धाकटीच्या चिपेला खालच्या बाजूला शेकडो पिना असतात, केसापेक्षा थोड्याच जाड. एक जरी वाकडी असली तरी चिप खाचेत बसत नाही, आणि सरळ करताना जास्त वाकवली की तुटते. लोक अशी चिप फेकून देतात. चिमटा फेकत नाही. शनिवारी सकाळी तिने पुढच्या खोलीत एक टेबल खिडकीशी ओढलं, पांढरं फडकं अंथरलं, तेरा चिपा ओळीने मांडल्या. हातात चिमटा, आणि शिसं काढून टाकलेली खटक्याची पेन्सिल. पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर टोपीसारखं चढवायचं आणि अलगद उभं करायचं. मला तिने भिंग धरायला लावलं आणि "श्वास तिकडे तोंड करून घ्या" असं बजावलं. पाचवी चिप झाली, सहावी झाली. प्रत्येक चिप खाचेत टच्‌ करून बसली की दोघी जोडणीवाल्या ती पळवायच्या, मशीन चालू करून बघायच्या, आणि आतून आवाज यायचा, "चालतंय."

नववी चालू असताना टायवाला आला. फाइल उघडी, पेन वर.

ती मान वर न करता म्हणाली, "बसा साहेब. सही नाही करत."

"धाकटीचा रेट पडला म्हणून? मॅडम, त्यांना हा भाव परवडत नाही. रक्त आटवून विकताहेत. वर्षभरात ती कंपनी राहणार नाही, लिहून ठेवा."

"बरं. समजा राहिली नाही. मग तुमच्या चिपेचा रेट काय असेल?"

त्याने फाइलची पानं उलटली.

"नाही, सांगा ना. तुमची चिप शंभराची अडुसष्टला का आली? माझ्यावर माया म्हणून? मागे तिघी मिटल्या तेव्हा सहा-सहा महिने तुमचा रेट हलला नव्हता. तारखा कपाटाच्या दारावर आहेत, बघायच्या तर बघा."

त्याने दाराकडे पाहिलं. मग पाणी मागितलं.

"तुमचा माल चांगला आहे," ती म्हणाली, "आणि मी तो विकणारच. ज्याला हवा त्याला तुमची चिप, ज्याला हवी त्याला तिची. मला दोघीही पाहिजेत. एकीवर घर चालवलं की ती डोक्यावर बसते. हो ना वहिनी?"

"माझा हात भिंगावर आहे," मी म्हटलं. "नाहीतर दाखवला असता."

टायवाला हसला, तो मनापासून हसला असं मला वाटलं. पेन खिशात ठेवलं आणि जाताना म्हणाला, "ते दार विकायचं असलं तर मला सांगा."

दुपारपर्यंत बारा चिपा सरळ झाल्या. तेराव्याची एक पिन तुटली. तिने नुसतं "च्‌" केलं. एकोणचाळीस झाल्या, एक कमी.

माझा कॉम्प्युटर तिनेच जोडलेला आहे, त्यात हीच चिप. मी म्हटलं, माझी काढून घे.

"वापरलेली? विद्यालयाला?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली पाहिलं. मग तिने फोन लावला. "चौथीतल्या संपल्या? मग तिसऱ्या ओळीतली एक पाठवा, खाच तीच आहे. हो हो, तिसरीच. या वेळी खरंच तिसरी."

विसाव्या दिवशी चाळीस मशिनं नर्सिंगच्या प्रयोगशाळेत मांडली. चिमटाने प्राचार्यांना सरळ सांगितलं, यातल्या बारांच्या चिपा पडलेल्या होत्या, पिना मी हाताने सरळ केल्यात, त्या बारांची हमी एक वर्ष जास्त देते. प्राचार्यांनी विचारलं, त्या बारा कुठल्या? तिने यादी दिली. प्राचार्य स्वतः नर्स होत्या. यादीवरून नजर फिरवून म्हणाल्या, "आमच्याकडे हाडं बसवतात, तसंच झालं हे. यादी तुमच्याकडेच राहू द्या, काही बिघडलं तर तुम्हालाच बोलावणार."

चाळिसाव्या मशिनाबद्दल तिने काही सांगितलं नाही. सगळ्यांत वेगवान ते एकच, आणि बाहेरून ते बाकीच्यांसारखंच दिसतं. मुली आत आल्या, धडाधड बसल्या. शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यात एक उशिरा आलेली धापा टाकत बसली, तिला दुसरी जागाच उरली नव्हती. तिने बटण दाबलं आणि शेजारणीचा पडदा अजून काळाच असताना हिचा पडदा उजळला. तिने चमकून इकडेतिकडे पाहिलं. चिमटाने माझ्या कोपराला कोपर लावलं.

"बघितलंत? उशिरा येणाऱ्यांचंही बरं होतं कधीकधी," ती म्हणाली. स्वतः नेहमी उशिरा पोचते ना.

आता दर सोमवारी सकाळी दुकानात भाऊजी रेट लिस्ट मोठ्याने वाचतात. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, खालच्या छापखान्याच्या पत्त्यासकट, आणि कुणीही त्यांना मध्येच तोडत नाही. मागच्या सोमवारी थोरलीच्या पहिल्या ओळीशीच ते थबकले आणि म्हणाले, "हे एकसष्टच आहे ना, की छपाईची चूक?"

चिमटाने पेन्सिल उचलली. दारावर आता जागा नाही, ती भिंतीकडे वळली. मी वर आलेखाचा कागद आणायला निघाले.